सलामी

वैष्णवीच्या पैलवानानं गुडघे वाकवून सलामी दिली आणि त्याच क्षणी विजयसिंहाच्या पैलवानानं त्याला कमरेत धरून उचललं आणि डोक्यावर आपटलं. मांडवातल्या मोठ्या पडद्यावर धूळ उडाली. खुर्च्यांतून शिट्ट्या सुरू झाल्या.

"ओ! सलामी चालू हाय तिची!" बद्रीनाथ जागचा उठून ओरडला.

विजयसिंहानं मान वळवली. गुटखा एका गालातून दुसऱ्या गालात नेत तो म्हणाला, "कसली सलामी, पैलवान? गेम हाय हा. तालमीत आलाव का तुमी?"

पोरं खिदळली. तेवढ्यात त्यानं वैष्णवीला आणखी एकदा आपटलं आणि दुसरा डाव जिंकला. पहिला वैष्णवीनं मारला होता. आता एक-एक झाले. उरला शेवटचा.

बद्रीनाथ खाली बसला. त्याला पाटोद्याला आल्यापासूनच इथलं सगळं नकोसं वाटत होतं. इथल्या पुढारी साहेबांचा वाढदिवस म्हणून ही गेमची स्पर्धा, आणि साहेबांचा पुतण्या म्हणून विजयसिंह. मघाशी तलवारीनं केक कापला होता. निम्मा एकमेकांच्या तोंडाला फासला आणि निम्मा सतरंजीवर पडून चपलांखाली गेला. पंख्याच्या वाऱ्याबरोबर आंबूस तुपकट वास येत होता. विजयसिंहाच्या बोटांना अजून क्रीम होतं. त्याच बोटांनी तो खेळत होता आणि मधूनच चाटत होता. बद्रीनाथनं तोंड फिरवलं, तर समोर विजयसिंहाचाच गॉगल लावलेला फोटो, दोन माणसांच्या उंचीचा.

बद्रीनाथ तरुणपणी खरोखरच कुस्ती खेळायचा. गुडघा गेला तेव्हा त्यानं चौसाळ्याला स्टँडजवळ थंड पेयांचं दुकान टाकलं आणि कोपऱ्यात व्हिडिओ गेमचं जुनं मशीन ठेवलं. त्यात हाच गेम होता, दोन गडी लढायचे. बाकीचे गडी लाथा मारायचे, आग फेकायचे. एकच होता दांडगा, सुस्त, धरून आपटणारा. बद्रीनाथला तोच आवडला. पण त्याचा मोठा डाव कुणालाच निघत नव्हता. मशीनचा दांडा पूर्ण गोल फिरवायचा आणि फेरा संपता संपता बटण दाबायचं. फेऱ्यात दांडा वर गेला की गडी उडीच मारायचा, आणि हवेत गेलेला गडी कुणाला धरणार? तो उडायच्या आत फेरा पुरा व्हायला हवा. गोल फिरायचं म्हणून पोरांनी त्या डावाला नाव दिलं घाणा.

बद्रीनाथनं घाणा शिकवायची रीत शोधली. पोरापुढं काठोकाठ पाण्याची वाटी ठेवायची, हातात चमचा द्यायचा. "फिरीव. पाणी सांडलं न्हाई पायजे. घाई केलीस का सांडलंच म्हून समज." पोरं कंटाळून पळायची. वैष्णवी तेवढी टिकली. पाटीलवाड्याच्या बोळात राहणारी, शेंबूड पुसत यायची तेव्हापासूनची. आता दहावीला होती. तिचा मनगटाचा फेरा इतका लहान झाला होता की बघणाऱ्याला दांडा हलल्याचंही कळायचं नाही.

पण घाण्याच्याही आधी त्यानं सगळ्यांना एक गोष्ट लावली होती. खेळ सुरू झाला की दांडा खाली ओढायचा. आपला गडी वाकतो. समोरच्यानंही वाकायचं. दोघं उठले की मग लढायचं. "हात मिळवल्याबिगर कुस्ती लागत न्हाई," एवढंच तो म्हणायचा. नवं पोर सलामी न देता भिडलं तर बाकीची पोरंच त्याला उठवायची.

आणि एक गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. वाकलेल्या गड्याचा दांडा आधीच खाली असतो. घाण्याचा पुढचा फेरा तिथून उचलायचा म्हटलं, तर समोरच्याला कसलीच खूण न दाखवता डाव बसतो. सलामीइतकी सोपी जागा घाण्याला दुसरी नव्हती.

"मामा," वैष्णवीनं मागं वळून विचारलं. तिच्या कपाळावर घाम होता. "सलामी देऊ का आता?"

'दे' एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात विजयसिंहानं शेजारच्याला डोळा मारला. "दे की ताई, वाक. वाकल्यावर लई ग्वाड दिसतीस." सतरंजीच्या कडेला पचकन लाल थुंकी पडली.

 बद्रीनाथ पुढं वाकून तिच्या कानाशी बोलला.

"दे सलामी. त्यो धरायला जवळ यील. तू उठू नको. खालूनच घाणा फिरीव."

वैष्णवी त्याच्याकडं बघतच राहिली. "सलामीतून निघतोय?"

"निघतोय."

ती पुढं वळली. पडद्यावर तिचा गडी वाकला. विजयसिंह हसत पुढं आला. वैष्णवीचं मनगट हललंही नसेल, आणि तिच्या गड्यानं त्याला उचलून, हवेत गरगरा फिरवून खाली आपटलं. तो उठला, ती वाकली. मुजरा केल्यासारखी वाकली आणि तिनं त्याला पुन्हा आपटलं. मांडव उठून उभा राहिला. त्याचा जीव संपेपर्यंत ती वाकत राहिली.

विजयसिंह चिडेल असं बद्रीनाथला वाटलं होतं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो पोट धरून हसला. "आयला, शिकली बघा पोरगी! पैलवान, मंग मघाशी कावून सोंग करत व्हताव?" आणि ताटातला उरलासुरला केक उचलून त्यानं बद्रीनाथच्या गालाला फासला. साहेबांनी वैष्णवीच्या खांद्यावर शाल टाकली, हात तिथंच ठेवून फोटो काढले. ती हसत होती. खरंखुरं, तोंडभर हसत होती.

बद्रीनाथनं नळावर गाल घासला. क्रीम गेलं, ओशटपणा गेला नाही.

परतताना जीपमध्ये वैष्णवीचं मनगट मांडीवर फिरतच होतं. "मामा, लई भारी डाव हाय. आदी कावून न्हाई शिकीवला?"

"झोप येतीय मला," तो म्हणाला आणि खिडकीकडं तोंड करून बसला.

दिवाळीच्या सुट्ट्या लागेपर्यंत दुकानातल्या सगळ्या पोरांना तो डाव येऊ लागला. पाण्याची वाटी नको, चमचा नको. वाकायचं आणि उचलायचं. पोरं आता 'सलामी दिली' म्हणत नव्हती, 'सलामी मारली' म्हणत होती. वर्गात कुणी कुणाचा डबा पळवला तरी, "कशी सलामी मारली!" बद्रीनाथला तो शब्द ऐकला की जेवणात केस सापडल्यासारखं व्हायचं. एकदा त्यानं एका पोराचा कान धरला.

"आसं खेळतेत का बे?"

"तुमीच शिकीवलंय की मामा. वैष्णवीताई सांगत व्हती."

त्यानं कान सोडून दिला.

त्या दुपारी वैष्णवी आली, मशीनवर बसली आणि एकामागून एक पोरं उठवू लागली. समोरची जागा रिकामी झाली तेव्हा बद्रीनाथ बाटल्या मांडायचं सोडून आला आणि तिथं बसला. तो पोरांसमोर कधी खेळत नसे. दुकानात एकच कल्ला झाला.

खेळ सुरू झाला. बद्रीनाथनं दांडा खाली ओढला. त्याचा पैलवान वाकला.

वैष्णवीनं त्याला उचलून आपटलं. पोरं ओरडली, "सलामी मारली! मामाला सलामी मारली!"

बद्रीनाथचा पैलवान उठला आणि पुन्हा वाकला. तिनं पुन्हा आपटलं. तो डाव तिनं जिंकला. दुसरा सुरू झाला आणि तो पुन्हा वाकला.

"मामा, खेळा की," ती हसत म्हणाली.

"खेळतोय."

तिनं आपटलं. तो वाकला.

"मामा, आसं काय वो? नीट खेळा ना. मला नुसतंच जिकायला मजा येत न्हाई."

बद्रीनाथचा पैलवान पुन्हा वाकला. तिनं रागानं आपटलं, मग आणखी एकदा.  कुणीतरी बाटलीतलं पेय ओढून घेतल्याचा तेवढा आवाज आला. डाव संपला. वैष्णवीनंच पुढचा सुरू केला, ओठ घट्ट मिटून.

बद्रीनाथचा पैलवान वाकला आणि वाकलेलाच राहिला. वैष्णवीचा पैलवान दोन पावलांवर येऊन थांबला. तिचा हात दांड्यावर होता. पडद्याच्या वरच्या कडेला वेळेचे आकडे एकेक करून उतरत होते, आणि दोघांपैकी कुणीच हललं नाही.