वेइयोची उरलेली किडनी

राइलीला सकाळपासून एकच काम होतं, फोनकडे बघत बसायचं, आणि त्यानंच ती दमून गेली होती. कुओपिओच्या इस्पितळात नातेवाइकांनी दाराबाहेर ताटकळायची पद्धत नाही. घरी जा, सर्जन स्वतः फोन करतील, असं सांगतात. म्हणून ती घरी ताटकळत होती.

तिकडे इस्पितळात ऑपरेशनच्या टेबलावर तिचा धाकटा भाऊ वेइयो होता. एकसष्ट वर्षांचा, आयुष्यभर जंगलात लाकडं तोडलेला, आणि एकाच किडनीचा धनी. दुसरी त्यानं एकतीस वर्षांपूर्वी राइलीला दिली होती. ती आजही बिनतक्रार चालू होती. आता त्याच्या उरलेल्या किडनीत गाठ निघाली. सगळी किडनी काढली तर आठवड्यातून तीनदा डायलिसिस. ते काय असतं हे राइलीनं दोन वर्षं भोगलं होतं. गाठ तेवढी कापून किडनी राखायची, असं डॉक्टर लेपोलाबाईंनी ठरवलं होतं. पण त्यासाठी किडनीचं रक्त चिमटा लावून थांबवायचं आणि वीस-पंचवीस मिनिटांत कापणं-शिवणं उरकायचं. जास्त वेळ गेला तर राखलेली किडनीही संपावर जायची.

मागच्या आठवड्यात वेइयो रक्त तपासायला गेला, तेवढ्यात राइलीनं लेपोलाबाईंना गाठलं.

“त्याची माझ्याकडे आहे ना, ती काढा आणि त्याला परत लावा.”

बाई हसल्या नाहीत. “हे तुम्ही विचारणार, असं ते आधीच म्हणाले होते.”

“आणखी काय म्हणाला?”

“म्हणाले, तिला सांगा, गप्प बस.”

राइलीचा तिळपापड झाला. देणाऱ्याचं बरं असतं, देतो आणि विसरतो. घेणाऱ्यानं मात्र जन्मभर गोड वागायचं. एकतीस वर्षांत भावाशी एकदा कडकडून भांडता आलं नव्हतं तिला. त्या गोडपणाचाही आता शीण आला होता.

दोन वाजता लेपोलाबाईंचा फोन आला. त्यांचा आवाजही थकलेला होता. “गाठ पूर्ण निघाली. पाऊण किडनी राहिली आहे.”

“चालतेय का?”

“शिवायला जरा जास्त वेळ लागला. संध्याकाळपर्यंत कळेल.”

कसं कळणार, ते राइलीला सांगायला नको होतं. नळीतून पिशवीत काही उतरतंय का, बस्स. चार वाजले, पाच वाजले. भूक नव्हती, आणि खुर्चीतून उठायचं त्राणही नव्हतं.

साडेसहाला खुद्द वेइयोचा फोन आला.

“लघवी झाली का?” राइलीनं विचारलं.

“अगं, जिवंत आहेस का, हे तरी विचार आधी.”

“वेइयो, झाली का सांग!”

पलीकडे तो नर्सला काहीतरी विचारत होता. मग म्हणाला, “दोनशे मिली. लालसर आहे, पण छान आहे म्हणते ही.”

राइली हुंदके देऊन रडू लागली. भावाच्या लघवीपायी कुणी इतकं रडलं नसेल.

“रडतेस काय?”

“गाढवा!” ती ओरडली. “सिगारेटी फुंकून फुंकून ही पाळी आणलीस! एकच किडनी उरलीय हे ठाऊक असून! अक्कल गहाण टाकली होतीस का?”

वेइयोला हसू आलं, पण टाके दुखले. “हां,” तो म्हणाला, “आणखी बोल.”

आणि ती बोलत राहिली.