पंकज बँडचा पडलेला ज

शैलेशचा पहिला नियम असा होता की पंक संगीताला नियम नसतो. बाकीचे नियम तो मागाहून सांगायचा आणि ते संपायचे नाहीत. गिटारचा सोलो चालणार नाही. प्रेमाची गाणी चालणार नाहीत. गाणं चहा निवायच्या आत संपलं पाहिजे. रामोन्स हा बँड पंक. क्लॅश अर्धे पंक, कारण पुढे पुढे त्यांना वाजवता यायला लागलं. आणि ग्रीन डे या लोकप्रिय बँडचं नाव काढलं की तो खिडकीबाहेर थुंकायचा. खाली वॉचमन बसलेला असायचा, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

बेस गिटार वाजवणारी पूर्वी नावाची मुलगी ग्रीन डेपायीच बँड सोडून गेली. उरला ड्रमवाला प्रणित, उरणच्या कोळ्याचा पोरगा, आणि तोही आता जायच्या बेतात होता. हळदीला बेंजो पार्टीत वाजवायला त्याला सारखी बोलावणी येत होती. इथे बँड काढल्यापासून माणसांसमोर एकदाही वाजवलं नव्हतं. शैलेश म्हणायचा, लोक अजून तयार नाहीत.

"लोक तयार हायत रं, तूच तयार नाय," प्रणित म्हणाला. "या आठवड्यात चार माणसांपुढं वाजवलं तर राहतो. नायतर चाललो बेंजोवाल्यांकडं. तुझ्याकडं नियम हायत, त्यांच्याकडं हळदी हायत."

ड्रमवाला गेला तर उरणार काय? एक चिडका माणूस आणि एक गिटार. असे पुण्यात गल्लोगल्ली पडलेत.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. काशिराम नावाच्या माणसाने पनवेलमध्ये त्यांच्या सरावाच्या गॅरेजवरचा बोर्ड पाहिला होता: पंक बँड, पनवेल.

"बँड तुमचाच काय?"

"हो."

"आवाज मोठा हाय ना?"

"कान फुटतात."

"फुटू दे. शनवारी संध्याकाळी विचुंब्याला या. गानी कुठली पन वाजवा, पब्लिक हललं पायजे."

शैलेशच्या अंगावर काटा आला. विचुंब्यात पंकचा दर्दी निघाला होता.

शनिवारी टेम्पो जिथे थांबला तिथे मांडव होता. मांडवात पाटावर पिवळाधमक नवरदेव, त्याच्याभोवती पिवळ्या हातांच्या बायका आणि मागे चुलाणावर मटणाचे टोप. नवरदेवाचा मामा काशिराम पुढे आला. गळ्यातली चैन म्हशीच्या दाव्याएवढी.

"या, पंकजशेठ," तो शैलेशला म्हणाला. "बोर्डावरचा ज पडलाय तुमचा. लावून घ्या, लोकं फसतात."

प्रणित ड्रमवर बसून पोट धरून हसला. शैलेश पांढराफटक पडला.

"पंकवाले लग्नात वाजवत नाहीत."

"हा नियम कधी झाला?" प्रणितने विचारलं.

"आत्ता केला."

"मग मी पन आत्ता गेलो."

शैलेशने दात-ओठ खाल्ले आणि वायर जोडली. त्याने मनात ठरवलं, असं वाजवायचं की यांनी हाकलून दिलं पाहिजे. हाकललं जाणं हेही पंकच.

पहिलं गाणं होतं 'तुम्ही सगळी मेंढरं'. तो बोट दाखवून दाखवून ओरडला. पण हळदीत शिव्यांचं कुणाला काय? पोरं बें बें करत नाचायला लागली. दुसरं गाणं खोदलेल्या रस्त्यांवरचं, त्यात त्याने सगळ्यांच्या अकलेचे खड्डे काढले. लोकांनी नवरदेवाला खांद्यावर घेतलं. एका म्हातारीने येऊन शैलेशच्या गालाला आणि काळ्या टी-शर्टला हळद फासली. वर म्हणाली, "गळा बसलाय बाबा तुझा, गरम पानी पी."

मग त्याने शेवटचं गाणं काढलं. ते भांडवलशाहीविरुद्ध होतं, म्हणजे कुणाच्याच विरुद्ध नव्हतं. त्याच्या स्वतःच्या नावावर कुंडीएवढी माती नव्हती.

"शेत विकलं, काय घेतलं?"

"गाडी," पब्लिकने उत्तर दिलं.

"शेत विकलं, काय घेतलं?"

"चैन," सगळ्यांनी मामाकडे बोटं केली. मामाने हसत चैन वर करून दाखवली.

"शेत विकलं, काय घेतलं?"

बायकांमधून रंभा उठली. नवरदेवाची आई, काशिरामची सख्खी बहीण. पिवळ्या हातांनी तिने माईक ओढून घेतला.

"भैनीची सही."

सगळ्यांना ठाऊक होतं. जमीन विकायची वेळ आली की बहिणींना गाडीत घालून न्यायचं, हक्क सोडल्याच्या कागदावर सही घ्यायची आणि एकेक साडी देऊन घरी पोचवायचं. घरोघरी हेच झालं होतं. आणि तेच भाऊ मांडवात मामा म्हणून मानाचे नारळ घेत होते.

शैलेशच्या गाण्यात याच्या पुढची ओळ नव्हतीच. प्रणितने ड्रमवर दणका दिला.

"भैनीची सही," रंभा परत म्हणाली. आता मागच्या बायकाही म्हणाल्या.

"रंभा, माईक ठेव. पोराची हळद हाय," काशिराम म्हणाला.

"म्हनून तर बोलते. एरवी तू भेटतस कुठं?"

काशिराम तरातरा मागे गेला आणि त्याने जनरेटर बंद केला. दिवे गेले, माईक मेला, गिटार नुसती खाजवल्यासारखी वाजायला लागली. पण ड्रमला वीज लागत नाही आणि बायकांना तर मुळीच नाही. संधिप्रकाशात त्या एका ठेक्यात विचारत राहिल्या, आपणच उत्तर देत राहिल्या. शैलेशला आयुष्यात पहिल्यांदा एकही नियम आठवेना. त्याने गिटार खाली ठेवली, एक परात उचलली आणि बडवायला लागला. बडवणं बेताल होतं. कुणी लक्ष दिलं नाही.

टेम्पो भरताना काशिराम येऊन बजावून गेला, "पंकज बँड परत या गावात दिसला नाय पायजे."

शैलेशचे डोळे भरून आले. "बंदी आली रे आपल्यावर," तो म्हणाला.

"बंदी चाटू काय?" प्रणित म्हणाला. "आज वाजवलं, ठीक. उद्या काय?"

एवढ्यात किशोरी नावाची बाई टेम्पोपाशी आली. रंभाच्या मागे सगळ्यात मोठ्याने तीच ओरडत होती. "माझ्या पोरीची हळद हाय दिवाळीनंतर, उरणला. याल काय?"

"याला विचारा," प्रणित म्हणाला. "याचा नियम हाय, लग्नात वाजवायचं नाय."

"मला पन भाऊ हाय," किशोरी म्हणाली.

शैलेशने गालावरची हळद पुसायला हात वर नेला आणि तसाच खाली घेतला.

"काय विकलंय त्यानं?"

प्रणितने ड्रम टेम्पोत चढवला आणि वर उडी मारली. "आधी पूर्वीला फोन कर. बेस लागेल."

"ती ग्रीन डेचा टी-शर्ट घालून येईल."

"येऊ दे. हळद लागल्यावर वाचतो कोन?"