अकरा मीटर सरकलेला नकाशा

तोटी फिरवली की पाणी येते आणि ते कोणत्या वाटेने आले हे कोणी विचारत नाही. मित्रांनो, मला ती वाट ठाऊक आहे, कारण मी या गावाच्या पाण्याच्या नळांची जुनी नकाशावही आहे. मेणासारख्या चकचकीत कापडाची बेचाळीस पाने, पाठीला चामडे, आणि अंगाला अजूनही शाईचा किंचित वास. वय मात्र विचारू नका. माझ्या पानांवरचे कित्येक नळ गंजले, उपसले गेले, भंगारात गेले. मी अजून आहे.

मला घडवले ते पाणीखात्यातल्या एका आरेखकाने. सगळे त्यांना नाना म्हणत. उत्तरेच्या खिडकीशी त्यांचे उतरते टेबल होते. दोन मोजणीदार दिवसभर गल्ल्यांतून साखळी ओढत हिंडत आणि संध्याकाळी आकड्यांची चिठ्ठी आणून देत. पण नुसत्या चिठ्ठीवर नाना रेघ ओढत नसत. खड्डा खणलेला असेल तिथे ते स्वतः जात, वाकून नळ बघत, हात लावत, आणि मगच सलग रेघ काढत. जो नळ स्वतः पाहिला नाही, त्याच्या जागी नुसती टिंबे.

"नाना, नळ काय उठून चालत जाणार आहे का?" एक मोजणीदार वैतागून म्हणे. "सरळच असणार. काढा की रेघ."

"तू पाहिलास?"

"नाही."

"मग टिंबं."

असे करत मला तीन वर्षे लागली. आता, कोणतेही माप कोठून तरी सुरू व्हावे लागते. कचेरीच्या दाराशी काळ्या दगडाची एक रुंद पायरी होती. नानांनी तिच्यावर छिन्नीने फुली कोरून घेतली आणि माझ्या पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरात लिहिले, 'या वहीतील सर्व मापे कचेरीच्या पायरीवरील फुलीपासून घेतली आहेत. पायरी हलवू नये.' खाली सही केली आणि तारीख घातली. त्या दिवशी त्यांनी मला मांडीवर घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळले आणि मग हात धुवायला गेले.

माझी उमेदीची वर्षे फार छान गेली. खात्यात एक तरुण चावीवाला लागला होता. कमरेइतकी उंच लोखंडी चावी खांद्यावर घेऊन तो रस्त्यातले झाकण उघडायचा आणि खालची झडप फिरवून एकेका गल्लीचे पाणी सोडायचा. पुढे पुढे सगळे गाव त्याला चावीमामा म्हणू लागले. सुरुवातीला तो रोज मला उघडायचा. ओल्या बोटांनी पाने उलटायचा, त्याचे डाग अजून माझ्या अंगावर आहेत. एकदा शाळेसमोर मोठा नळ फुटला आणि पाणी वर्गात शिरू लागले. तेव्हा माझ्या एकोणिसाव्या पानावर बोट ठेवून चावीमामांनी दहा मिनिटांत ते पाणी बंद केले होते. मुख्याध्यापिका मुद्दाम कचेरीत आल्या आणि मला डोळे भरून पाहून गेल्या. कौतुक कोणाला आवडत नाही?

पण हळूहळू चावीमामांना सगळे पाठ झाले आणि मला उघडण्याची गरज उरली नाही. त्यातच एकदा खात्यात नवे शिक्के आले. कारकुनाला ते उमटतात की नाही ते बघायचे होते. समोर मी होते. त्याने माझ्या पुठ्ठ्यावर एक ठोकला, आणि तो निघाला 'गोपनीय'. खरे सांगते, माझ्यात लपवण्यासारखे काही नव्हते. पण एकदा शिक्का बसला की तो कोणी का मारला हे विचारायची हिंमत कोणाची होणार? त्या दिवसापासून मला बघायला तीन सह्या लागू लागल्या. एखाद्या घरमालकाने विचारले, तर कारकून गंभीर चेहऱ्याने सांगे, "ते दाखवता येत नाही." झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, मित्रांनो. पण मुठीत चूक असली तर तीही झाकलेलीच राहते. ते पुढे कळलेच.

कचेरीची इमारत जुनी झाली. तिच्या मागेच, त्याच आवारात, नवी बांधली गेली. मला फडक्यात बांधून हातगाडीवर ठेवले. आणि फटीतून मी पाहिले, की सहा माणसे लाकडी ओंडक्यांवरून ती काळी पायरी ढकलत नेत होती. सगळ्यांत पुढे चावीमामा.

"आमच्या साहेबांनी, त्यांच्या साहेबांनी, सगळ्यांनी हिच्यावर पाय ठेवलाय," ते म्हणत होते. "हिला मागे टाकून जायचं म्हणजे आईला जुन्या घरात सोडून येण्यासारखं आहे."

किती मायेने नेली त्यांनी ती. फुली घासली जाऊ नये म्हणून वर गोणपाट बांधले. नव्या दाराशी अगदी तशीच बसवली. पहिले पान त्यांच्यापैकी कोणीच वाचले नव्हते. ज्याला नळ शोधायचा असतो तो थेट आपल्या गल्लीचे पान उघडतो, पहिल्या पानाकडे कोण बघतो? मला तोंड असते तर मी त्या दिवशी ओरडले असते.

काही वर्षांनी संगणकवाले आले. एका कंपनीची माणसे होती. त्यांनी माझे गल्ल्यांचे पान न् पान उतरवून घेतले. मग पायरीवर फुली दिसली, म्हणून मोजणी तिथूनच असणार असे धरून उपग्रहाशी बोलणारे एक यंत्र त्या फुलीवर उभे केले आणि तिथून सगळे नळ नव्या नकाशात मांडले. घरे आणि नळ जुळेनात. नळ रस्ते सोडून घराघरांखालून जाऊ लागले. त्यावर त्यांच्यातला एक जण म्हणाला, "जुन्या लोकांची मोजणी. थोडंफार चुकणारच." आणि झाले, विषय संपला. नानांचे माप वीतभरही चुकलेले नव्हते, मित्रांनो. तो नवा नकाशा कानामागून आला आणि तिखट झाला. मी कपाटात गेले, आणि तो राहू लागला त्या कंपनीच्या प्रोग्राममध्ये. तो प्रोग्राम एकाच संगणकावर उघडे, तोही बोटाएवढे एक कुलूप मागच्या बाजूला खोचले तरच. बाकी कोणाला तो दिसत नसे, दुरुस्त करायचा तर कंपनीलाच बोलवावे लागे.

एवढी मोठी चूक कोणाच्या लक्षात कशी आली नाही? कारण खणायची वेळ आली की सगळे चावीमामांनाच विचारत. संगणक एक सांगे, मामा दुसरेच सांगत, आणि मामांचे बरोबर निघे. "ते यंत्र नवीन आहे, शिकेल हळूहळू," असे म्हणून मामा हसत. मग मामा निवृत्त झाले.

त्यानंतर दोनच वर्षांत मोठा नळ बदलायचे ठरले. आणि काम जिथून सुरू होणार होते त्या चढावरच्या गल्लीतल्या एका बाईंना पहिली नोटीस गेली. त्या कपडे शिवत. सगळे त्यांना शिवणमावशी म्हणत. घर म्हणजे दीड खोली, खिडकीशी जमिनीत ठोकून बसवलेले शिवणयंत्र, आणि भिंतीवर गावातल्या निम्म्या पोरींच्या मापांच्या चिठ्ठ्या. नोटिशीत लिहिले होते की मुख्य नळ त्यांच्या घराखालून जातो, तेव्हा साठ दिवसांत घर रिकामे करावे.

त्या कचेरीत आल्या तेव्हा मी कपाटातच होते, पण कुलूप असले तरी कपाटाच्या दाराला फट होती, म्हणून सगळे ऐकू आले.

"माझ्या घराखालून गावचा नळ जातो म्हणता," मावशी कारकुनाला म्हणाल्या, "मग माझ्याच तोटीला करंगळीएवढी धार का?"

"नकाशात तसं आहे, मावशी."

"मग दाखव की तो नकाशा."

"दाखवता येत नाही. गोपनीय आहे."

"माझं घर पाडायचं, आणि कशासाठी ते मीच बघायचं नाही? अरे, माप दाखवल्याशिवाय मी कुणाच्या कापडाला कात्री लावत नाही."

कारकून समोरचे कागद चाळू लागला. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्या बायकोचे कपडेही मावशीच शिवत.

दिवस जाऊ लागले. मावशींनी नवी कापडे घेणे बंद केले. अर्धवट शिवलेली परत केली. मी कपाटात जळत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी होत होती, आणि साक्षीदार कपाटात कुलूपबंद होती.

नोटिशीच्या सदतिसाव्या दिवशी खात्यात नव्या अभियंता बाई रुजू झाल्या. त्यांच्या टेबलावर वरून आलेला एक हुकूम पडला होता. सरकारने पैसे घालून केलेले नकाशे लोकांना खुले करावेत, ते अशा साच्यात असावेत की कोणत्याही संगणकावर उघडतील, आणि प्रत्येक नकाशासोबत एक ठरावीक तक्ता भरून जोडावा, असे त्यात होते. त्या तक्त्यात रुक्ष प्रश्न होते. मोजणी कोणी केली? केव्हा केली? कोणत्या बिंदूपासून केली?

बाईंनी एक खुले सॉफ्टवेअर घेतले. ते कसे चालते हेही कोणालाही आतून बघता येते म्हणे. मग कंपनीच्या कुलपातून नकाशा बाहेर काढायला त्यांना आठ दिवस आणि वीस पत्रे लागली. तक्ता भरायला बसल्या आणि तिसऱ्या प्रश्नाशी अडल्या.

"मोजणी कुठून सुरू केली?" त्यांनी कारकुनाला विचारले.

"पायरीपासून असेल. फुली आहे तिच्यावर."

"असेल म्हणजे? कुठे लिहिलंय?"

कोणालाच माहीत नव्हते. त्यांनी त्या जागी प्रामाणिकपणे 'खात्री नाही, शोध चालू आहे' असे लिहिले आणि नकाशा तसाच लोकांसमोर ठेवला. कारकून घाबरला. "अहो बाई, लोक हसतील."

"हसू देत. चुकलं असेल तर सांगतील तरी."

तिसऱ्या दिवशी चावीमामा आले. काठी टेकत, नातीचा फोन हातात धरून, आणि तोंडाचा पट्टा सुरू.

"कोण आहे इथं नवीन? माझ्या नातीनं हे दाखवलं मला. रस्त्यातली सगळी झाकणं लोकांच्या न्हाणीघरात नेऊन ठेवलीत तुम्ही. अख्खं गाव मागे ढकललंय."

"बसा मामा. किती मागे?" बाईंनी विचारले.

"सगळीकडं सारखंच. बारा-पंधरा पावलं."

बाईंनी पडद्यावर दोन-तीन गल्ल्या उघडून पाहिल्या. मग म्हणाल्या, "सगळीकडे सारखं चुकत असेल, तर मोजणी चुकलेली नाही. सुरुवात चुकलीय." आणि कारकुनाकडे वळल्या. "मूळ वही कुठे आहे? सह्यांचं मी बघते."

अशी मी उजेडात आले. बाईंनी कोणतीच गल्ली शोधली नाही. त्यांनी पहिले पान उघडले आणि मोठ्याने वाचले. 'पायरी हलवू नये' हे शब्द ऐकताच चावीमामांनी डोक्याला हात लावला.

"मामा, ही पायरी हलवली होती का कोणी?"

"मीच," मामा हळूच म्हणाले. "मीच आणली. किती जपून आणली, काय सांगू तुम्हाला."

जुन्या दाराच्या जागी आता सायकली लावत. मामांनी काठीने जागा दाखवली, पाया अजून जमिनीत होता. बाईंनी फीत धरली. अकरा मीटर.

तरीही कागदावरचे खरे मानायला खात्याचे मोठे साहेब तयार नव्हते. "खणून नळ रस्त्यात दिसला तर नोटीस मागे. नाही दिसला तर घर जाईल," ते म्हणाले. त्यांचे चूक नव्हते. पाहिल्याशिवाय रेघ ओढू नये, हे तर मी नानांकडूनच शिकले होते.

मला त्या गल्लीत नेले आणि खुर्चीवर उघडून ठेवले. मजूर रस्त्याच्या मधोमध खणू लागले. मावशी खिडकीत उभ्या होत्या, हाताखाली बंद यंत्र. कमरेएवढा खड्डा झाला, नुसती माती. छातीएवढा झाला, दगड लागले. साहेबांनी घड्याळ पाहिले. माझे पान वाऱ्याने फडफडले, ते बाईंनी तळहाताने दाबून धरले. 

"थांबा जरा," मामा म्हणाले. कोणीतरी त्यांची जुनी चावी आणून दिली. त्यांनी तिचे टोक खड्ड्याच्या तळाशी टेकवले, वरच्या टोकाला कान लावला आणि डोळे मिटले. मजुरांनी कुदळी खाली ठेवल्या.

"आहे. वाहतंय. अजून हातभर खणा."

हातभर खाली कुदळ लोखंडावर वाजली.

 मावशी खिडकीतच खाली बसल्या, पदराने तोंड पुसले आणि म्हणाल्या, "चला. आता त्या पोरींची कापडं परत मागवायला हवीत." मग सगळेच हसले, साहेबसुद्धा. माझी तर पाने अशी सैल झाली, की जणू कित्येक वर्षांचा श्वास एकदम सुटला.

नोटीस दुसऱ्याच दिवशी रद्द झाली. नव्या नकाशातले सारे गाव अकरा मीटर पुढे सरकून आपापल्या रस्त्यावर आले, आणि तक्त्यातली ती जागा बाईंनी नानांच्या नावानिशी भरली. पुढच्या आठवड्यात मावशी कचेरीत आल्या. माझी पाठ उसवली होती. त्यांनी जाड दोरा मेणातून ओढला आणि मला पुन्हा शिवले.

आता मी कुलपात नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांना उघडता येईल अशा टेबलावर असते. मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या गावाचा नकाशा कोठे आहे ते एकदा विचारून या. दाखवत नसतील, तर का नाही, तेही विचारा. त्यात चूक सापडली तर करणाऱ्याला हसू नका, कारण चुका मायेपोटीही होतात. फक्त ती सांगा. मामांनी सांगितली, बाईंनी ऐकली, आणि चढावरच्या गल्लीत आजही खिडकीशी यंत्र चालू आहे.