चौऱ्याऐंशी ते सत्त्याऐंशी मीटर

सुट्टीचे तीन आठवडे मी मामाच्या शेडमध्ये काम केलं. काम म्हणजे खरंखुरं काम, लुडबुड नाही. मामा भूवैज्ञानिक आहे. जमिनीत भोक पाडायचं यंत्र तीन-तीन मीटरच्या टप्प्याने दगडाचे गोल दांडे वर काढतं, त्यांना कोअर म्हणतात. ते लांब पेट्यांत क्रमाने मांडायचे, धुवायचे, मोजायचे आणि कुठल्या खोलीवर काय लागलं ते तक्त्यात लिहायचं.

"वीजघर बांधायच्या आधी जमिनीला विचारावं लागतं, बाई माझे, तुझ्याकडे आहे का काही कोळसा?" मामा म्हणायचा. "नाहीतर चिमणी उभी राहायची आणि खाली जाळायला ठणठणगोपाळ!"

पहिल्या आठवड्यात मी वाळूच्या दगडाला चुनखडी म्हटलं आणि यंत्र चालवणारे ड्रिलरकाका पोट धरून हसले. तिसऱ्या आठवड्यात त्याच काकांनी मला हाक मारली, "ओ मॅडम, हे काय लागलंय बघा जरा." मी नुसती हवेत! घरी आई म्हणाली, "पोरगी जेवताना भातसुद्धा थराथराने खातेय." म्हणू दे. तक्त्यावर खाली 'नोंद करणार' असा रकाना असतो, आणि त्यात मामाने मला माझी सही करायला दिली होती.

नियम एकच होता, मामानेच शिकवलेला. पेटीत जे नाही ते लिहायचं नाही. कोळसा ठिसूळ असतो, ड्रिलिंगच्या पाण्याबरोबर कधीकधी त्याचा चुरा वाहून जातो. मग तीन मीटरच्या टप्प्यात कोअर कमी भरतो. "तेवढ्या जागेवर 'मिळालं नाही' असं लिही," मामा म्हणाला होता. "आपण दगडवाले, ज्योतिषी नव्हे."

चौऱ्याऐंशी ते सत्त्याऐंशी मीटरला नेमकं तेच झालं. वर एक मीटर वीस कोळसा, चकचकीत काळा. तळाशी साठ सेंटीमीटर करडा, पाटीसारखा मातीचा दगड. मधलं एक मीटर वीस गायब. मी पेन्सिलीने लिहिलं, 'मिळालं नाही'. कोअर ओला असतो, शाई पसरते, म्हणून सगळं पेन्सिलीनेच.

मामा त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिला. मुख्य कचेरीने आधीच कळवलं होतं की थर दोन मीटरपेक्षा पातळ निघाला तर यंत्र उचला आणि दुसरीकडे न्या. आणि या खोऱ्यात कोळसा आहे असं मामा दहा वर्षं सांगत होता. वरचे लोक त्याला पाठीमागे 'कोळसेबुवा' म्हणायचे, हे त्यालाही माहीत होतं.

"लिहू ना असंच?" मी विचारलं.

"लिहिलंयस ना? झालं तर."

दोन दिवसांनी मुख्य कचेरीतून तपासनीस बाई आल्या. खिशातून टेप काढला, पेटीवर धरला, मग तक्त्यात बघितलं, मग पुन्हा टेप.

"पेटीत कोळसा एक वीस आहे. तक्त्यात दोन चाळीस. हे कसं?"

मी मान लांब करून बघितलं. माझी ओळ खोडलेली होती. कागद तिथे घासून पातळ झाला होता आणि वर मामाच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'कोळसा'. खाली सही माझी.

मी मामाकडे बघितलं. मला वाटलं, आता तो सांगेल. काहीतरी कारण असेल, मामाकडे कारण असतंच.

"भाची आहे माझी," मामा हसत म्हणाला. "शाळकरी पोर. हौसेने लिहीत होती, घातला असेल घोळ. चूक माझीच, लक्ष ठेवायला हवं होतं."

किती गोड आवाजात बोलला! माझे कान तापले. ड्रिलरकाका बुटाने माती उकरायला लागले.

"मी 'मिळालं नाही' लिहिलं होतं," मी म्हणाले. आवाज चिरकला, पण म्हणाले.

"अगं, विसरलीस तू. दिवसाला चाळीस पेट्या, होतं असं."

"नाही विसरले. आणि हे अक्षर माझं नाही."

बाईंनी आम्हा दोघांकडे बघितलं. "भोक बुजवलंय का?"

"नाही," काका पटकन म्हणाले.

"मग मोजणीची नळी सोडा आत."

तारेला बांधलेली ती लांब नळी भोकात जाते आणि आतल्या दगडाची घनता मोजत वर येते. कोळसा हलका असतो, तिथे रेघ एकदम एका बाजूला झुकते. तासाभराने कागदावर रेघ उमटली. हरवलेल्या एक मीटर वीसपैकी एक मीटर कोळसाच होता. थर दोन मीटर वीस. यंत्र कुठेही जाणार नव्हतं.

मामाने काकांना मिठी मारली. मग माझ्याकडे आला, डोळे पाणावलेले. "बघ! म्हणत होतो ना मी? होता की नाही कोळसा?"

"होता."

"मग फुगतेस कशाला, फटाकडे? तूही बरोबर, मीही बरोबर!"

त्याचा अंदाज चुकला असता तर मला बरं वाटलं असतं. निदान रडता आलं असतं. सगळे खूश होते आणि घोळ घालणारी शाळकरी पोर मी एकटीच होते.

बाईंनी नवा तक्ता पुढे ठेवला. जुनी नोंद रद्द करायची तर कारण लिहावं लागतं, आणि ते नोंद करणाऱ्यानेच. त्यांनी मला पेन दिलं. पेन्सिल नाही, पेन.

"लिही की, 'नजरचुकीने'," मामा कानाशी म्हणाला. "एक शब्द. माझी दहा वर्षं आहेत गं यात."

मी लिहिलं, 'मूळ नोंद बरोबर होती. ती मामांनी बदलली.' शेजारी पूर्ण नाव घालून सही केली. बाईंनी वाचलं, कागद घडी न घालता फाइलमध्ये ठेवला आणि मामाला म्हणाल्या, "उद्या कचेरीत या."

मामा मला जीपने घरी सोडायला निघाला. वाटेत म्हणाला, "ताईला सांगणार आहेस?"

"विचारलं तर सांगणार."

"आणि नाही विचारलं तर?"

"मामा, तू माझं नाव का घेतलंस?"

त्याने गिअर बदलला. मी घर येईपर्यंत उत्तराची वाट बघितली.