अकरावा प्रश्न

लिफ्टसाहेबांनी जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या बेटाच्या नकाशावर सातवं बटण ठेवलं आणि एक डोळा मिटून ते नेमकं किनाऱ्यावर आलंय का ते पाहिलं. बटणं बायकोच्या शिवणाच्या डब्यातली होती. पांढरं म्हणजे पाण्यात सहज उतरता येईल अशी जागा, निळं म्हणजे लाटांचा अंदाज घेऊन, काळं म्हणजे खडकांवरून, बेताबेताने. काळी बटणं तीन होती.

"इथे रस्त्याकडेला पिवळा रंग दिलेला दगड असतो म्हणे," ते म्हणाले. "दगड दिसला की गाडी लावायची, हवेची टाकी पाठीवर घ्यायची आणि चालत सरळ समुद्रात. ना बोट, ना गाइड, ना कुणाची कटकट."

"आणि परत?"

"परत काय?"

"समुद्रातून बाहेर."

"अगं, जिथून जाता येतं तिथून येताही येतं. एवढं तर लिफ्टलासुद्धा कळतं."

ती हसली. सव्वीस वर्षांत लिफ्टवरच्या विनोदांना हसायची तिला सवय झाली होती. ते सरकारी लिफ्ट तपासनीस होते. शहरातली निम्मी माणसं त्यांच्या सहीवर विश्वासून वरखाली करत. स्वतःच्या इमारतीला मात्र लिफ्ट नव्हती, आणि तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या या माणसाला शेजारी 'लिफ्टसाहेब' म्हणत ते आदराने की आणखी कशाने, याची चौकशी त्यांनी कधी केली नव्हती.

पाण्याखाली जायला दोघं आठ वर्षांपूर्वी एकत्रच शिकले होते. मुलगी शिकायला दुसऱ्या देशात गेली, घर एकदम मोठं झालं, आणि इतर जोडपी बागकामाकडे वळतात तशी ही दोघं समुद्राकडे वळली. आतापर्यंत चाळीस वेळा ती त्यांच्यासोबत खाली गेली होती. खाली ते फार चांगले वागत. बोलता येत नाही म्हणून असेल.

या वेळचा बेत बारा दिवसांचा, अठरा बुड्यांचा आणि 'संपूर्ण स्वतंत्र' होता. हा शब्द त्यांनी दोन महिन्यांत इतक्यांदा वापरला होता, की एखाद्या देशाची सुटका चालली आहे असं वाटावं. बोटवाले नकोत, ते मेंढरांसारखं हाकतात. गाइड नको, तो सगळ्यांना एकच मासा दाखवतो. मोठ्या हॉटेलचं पॅकेज नको, तिथे पोहण्यापेक्षा रांगाच जास्त. प्रत्येक कारणात तथ्य होतं. तिची अडचण तिथेच होती.

कारण बोटवाल्यांची, गाइडची आणि हॉटेलची माहितीपत्रकं तिनेही वाचली होती. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, बारीक अक्षर वाचायला तिला कंटाळा नव्हता. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एकच ओळ होती: पन्नाशीच्या पुढच्यांनी डॉक्टरांचा दाखला आणावा. फक्त टाक्या भाड्याने देणारं एक छोटं दुकान असं होतं, की तिथे आपला फॉर्म आपणच भरायचा होता. सगळा स्वतंत्र बेत त्या एका दुकानाभोवती शिवलेला होता.

तीन महिन्यांपूर्वी सकाळी ते पॅसेजमध्ये भिंतीला टेकून बसलेले तिला सापडले होते. तोंड पांढरंफटक, कपाळावर घाम.

"काय झालं?"

"कुठे काय? लेस बांधत होतो."

त्यांच्या पायांत सपाता होत्या.

त्यानंतर जिन्यात एकदा. तेव्हा ती मागेच होती म्हणून नुसती कोपरं सोलवटली, तिची. मग त्यांनी गाडीची किल्ली तिच्या हातात दिली, "तुझा हात साफ राहायला हवा," असं म्हणून. डॉक्टरचं नाव तिने दोनदा काढलं. दुसऱ्या वेळी ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टरने कागदावर लिहिलं की ते ऑफिसात पोचणार. मग उरलेली दोन वर्षं मी शिक्के मारायच्या टेबलावर. चालेल तुला?" तिला चालणार होतं. पण असा प्रश्न विचारणाऱ्याला 'हो' म्हणायचं नसतं, हे तिला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच समजलं होतं.

जमिनीवर माणूस पडला तर निदान कुठेतरी थांबतो. अठरा मीटर खाली तोंडातली हवेची नळी सुटते आणि पुढचा श्वास पाण्याचा असतो. तिथे ती एकटीच असणार होती, आणि त्यांचं वजन तिच्या दीडपट होतं.

"आता फॉर्म," ते म्हणाले, आणि नकाशा न हलवता त्यावरच दोन कागद ठेवले. "आज रविवार, दुकान उघडं असतं. भरून फोटो पाठवला की काम झालं."

चौतीस प्रश्न होते. 'हो' आणि 'नाही' असे दोन रकाने. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि 'नाही'च्या रकान्यात वरून खाली चौतीस खुणा करत गेले, पहिली जितकी ठसठशीत तितकीच शेवटची. प्रश्नांकडे नजरही गेली नाही. ऑफिसातही ते असंच करत. तपासणीचा तक्ता आधी टेबलावर भरायचा, मग लिफ्ट बघायला जायचं. जाऊन पाहिल्यावर मन विचलित होतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

"घे," त्यांनी पेन तिच्याकडे सरकवलं.

ती एकेक प्रश्न वाचू लागली. दमा. कानाचं ऑपरेशन. चष्म्याच्या दुकानात येणारी कित्येक माणसं अक्षरांच्या तक्त्यावरची शेवटची ओळ पाठ करून येतात आणि भिंतीकडे न बघताच म्हणून दाखवतात, ते तिला आठवलं. तेव्हा ती काय करायची? काही बोलायची नाही. नुसता तक्ता बदलायची.

अकरावा प्रश्न होता: गेल्या वर्षभरात चक्कर येणे, शुद्ध हरपणे, क्षणभर काहीही न आठवणे.

खाली ठळक अक्षरांत दुकानाचा नियम होता. टाक्या जोडीलाच मिळतील, एकट्यास नाही.

तिने अकराव्याच्या पुढे 'हो'वर खूण केली. उरलेल्या तेहेतीस ठिकाणी 'नाही'. खाली सही, तारीख. जोडी मोडली की टाक्या नाहीत, टाक्या नाहीत की समुद्र नाही. कुणाचं नाव घ्यायला नको, कुणाला खोटं पाडायला नको. आजारी ती पडेल, बेत रद्द झाल्याबद्दल बोलणी ती खाईल, आणि वर्षभर शेजाऱ्यांना "हिच्या तब्येतीमुळे राहिलं" हेही ऐकून घेईल. सौदा स्वस्त होता. तिला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.

त्यांनी कागद उचलला. बोट रकान्यावरून खाली घसरत आलं आणि एका जागी थांबलं.

"इथे चुकून पडलीय खूण."

"चुकून नाही."

ती वाट पाहू लागली. कधी आली चक्कर, कुठे, मला का नाही सांगितलंस. बायको बेशुद्ध पडल्याचं कागदावर वाचणारा कुठलाही नवरा विचारतो ते. लिफ्टसाहेबांनी कागद बटणांवर अलगद ठेवला, चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला. काही विचारलं नाही.

"फोन लावून बघू," ते म्हणाले. "विचारायला काय जातं?"

फोन स्पीकरवर ठेवून त्यांनी तो दोघांच्या मध्ये, नकाशातल्या समुद्राच्या भागावर ठेवला. पलीकडे दुकानाची मालकीण होती. मोकळा, खणखणीत आवाज. मागे टाक्यांवर टाक्या आदळल्यासारखा आवाज येत होता.

"आमच्या मिसेसचा जरा प्रश्न आहे," लिफ्टसाहेब म्हणाले. "फॉर्ममधला अकरावा."

"चक्कर का? किती वेळा?"

"पाच," ते म्हणाले.

तिने मान वर केली.

"अरे देवा. कधीपासून?"

"मागच्या वर्षाच्या शेवटापासून. पहिली ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत. मग घरी पॅसेजमध्ये एकदा, जिन्यात एकदा." त्यांचा आवाज सौम्य होता, काळजीवाहू होता. इतक्या काळजीने ते तिच्याबद्दल क्वचितच बोलले असतील. "चौथी म्हणजे काय झालं, ती जरा उंचावर होती. कामावर. आठव्या मजल्याच्या वर. हात दोराला होता म्हणून बरं. पाचवी परवा."

"परवा? आणि आधी काही कळतं का त्यांना, की एकदम?"

"आधी कळायचं. कानात शिट्टी वाजल्यासारखं. आता एकदम."

पेनाचं टोपण त्यांनी लावलं, काढलं, पुन्हा लावलं. ते तिच्याकडे बघत नव्हते. हिशोब केला तर तिला माहीत असलेल्या दोन होत्या. आठव्या मजल्याच्या वर कुठला दोर असतो, हे मात्र तिला सव्वीस वर्षांत ऐकून ऐकून पाठ झालं होतं.

"हे बघा साहेब," दुकानवाली म्हणाली, "राग मानू नका. मी काही डॉक्टर नाही, पण बावीस वर्षं हेच करतेय. त्यांना बाथरूममध्येसुद्धा आतून कडी लावू देऊ नका, समुद्र तर सोडाच. उद्याच्या उद्या दाखवा."

"हो, हो. दाखवतो ना." त्यांनी मान हलवली. एखाद्या इमारतीच्या सेक्रेटरीने तक्रार सांगावी आणि त्यांनी ती टिपून घ्यावी, तशी.

"त्यांना वर सावलीत बसवा, खुर्च्या आहेत आमच्याकडे. आणि तुमची सुट्टी कशाला बुडवायची? तुमचा फॉर्म तर अगदी स्वच्छ असेल?"

"चौतीसच्या चौतीस."

"मग झालं की. त्याच आठवड्यात एक शाळेतले मास्तर येताहेत. एकटेच, म्हणून जोडी शोधतोय आम्ही त्यांना. नवखे आहेत हो, सहासात बुड्या झाल्यात फक्त. खाली गेलं की जोडीदाराचा हात सोडत नाहीत, असं स्वतःच सांगत होते. तुमच्यासारखा अनुभवी माणूस मिळाला तर त्यांचं भाग्यच."

"अवश्य," लिफ्टसाहेब म्हणाले. बेताच्या तक्त्यावर 'जोडीदार' असं लिहिलेल्या ओळीत तिचं नाव होतं. त्यांनी पट्टी ठेवून त्यावर एक सरळ रेघ मारली आणि वर सुवाच्य अक्षरांत लिहिलं: मास्तर.

तिचे हात टेबलाखाली होते. मास्तर म्हणजे कोण, कसा दिसत असेल, तिला कळायला मार्ग नव्हता. घरी कुणीतरी असेल. बॅग भरून देणारं, पोचलास की फोन कर म्हणणारं. तिच्या स्वस्त सौद्यात या माणसाचा विचार कुठेच नव्हता.

"मग ठेवू?" दुकानवाली म्हणाली. "टाक्या दोन जोड्या रोज. मास्तरांना आत्ताच कळवते, खूश होतील बिचारे."

लिफ्टसाहेबांनी फोन बंद करायला हात पुढे केला. तिने तो आधी उचलला.

"बाई," ती म्हणाली, "मास्तरांना इतक्यात कळवू नका. मी घरातून बोलतेय, साहेबांची बायको. तुमच्याकडे दोन मिनिटं आहेत का?"

"आहेत की. तब्येत कशी आहे आता तुमची?"

लिफ्टसाहेबांनी दुपारभरात पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहिलं. त्यांनी मान हलवली, नाही अशी. एकदाच, अगदी हळू. तिने फोन कानाला लावला नाही, स्पीकरही बंद केला नाही.

मग ते खुर्चीच्या पाठीचा आधार घेत उठले, खिडकीपाशी गेले आणि शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून खिडकीची दोन्ही दारं लावून घेतली.

"हॅलो?" दुकानवाली म्हणाली. "बाई, आहात ना?"