नाव घातलेली पातेली

उदगीरच्या आमच्या गल्लीत ही गोष्ट निघाली की लोक आधी कोंबडीवर येतात आणि हसतात. हसणाऱ्यांना हसू द्या. त्या दोन दिवसांत गौरम्माच्या जिवाचं काय झालं, ते तिचं तिला ठाऊक.

तिची नात अक्षरा डेंग्यूतून उठली होती. उठली म्हणजे काय, ताप उतरला एवढंच. गुरांच्या डॉक्टरकीला शिकणारी दणकट पोरगी, बैलाला इंजेक्शन द्यायला न भिणारी, आता चार पावलं टाकली की भिंत धरायची. पेज झाली, मुगाचं कढण झालं, डाळिंबाचे दाणे झाले, सगळं उलटून पडलं. मुलगा-सून हैदराबादला, त्यांचे दिवसातून दहा फोन. चौथ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "आजी, पोटात काही टिकलं नाही तर पुन्हा ॲडमिट करावं लागेल. चिकनचं साधं सूप चालत असेल तर देऊन बघा."

"अय्यो शिवा! आमच्यात न्हाई चालत, डॉक्टर."

बाकावर भिंतीला टेकलेली अक्षरा डोळे मिटूनच म्हणाली, "चालतं, आज्जी. मला चालतं."

गौरम्मा म्हणजे गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, आणि सकाळची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारी बाई. दुसरं कुणी असं बोललं असतं तर तिने तिथंच झाडलं असतं. पण पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं. तिने राग गिळला आणि घरी आली.

आता आमच्या गल्लीत आळणी करावं ते नागुबाईनं. आळणी म्हणजे हळद, मीठ आणि आलं-लसूण, एवढ्यावर उकळलेलं कोंबडीचं पाणी. सूप हे त्याचं दवाखान्यातलं नाव. नागुबाईचं घर गौरम्माच्या परसाला अगदी लागून, पण जायचं तर गल्लीतून वळसा घालून पुढच्या दाराने जावं लागतं. तो वळसा घालायला गौरम्माचे पाय उठेनात, कारण मधल्या भिंतीत एके काळी खिडकी होती.

नऊ वर्षांखालची गोष्ट. नागुबाईच्या स्वैपाकघराची खिडकी गौरम्माच्या परसात उघडायची आणि रविवारी रश्श्याचा वास यायचा. "आमचं देवघर त्याच अंगाला हाय," म्हणून गौरम्माने गल्ली डोक्यावर घेतली. किराणावाला शिवमूर्ती धरून चार माणसं गोळा केली. तसा रश्श्याचा वास कोपऱ्यावरच्या पाटलाच्या घरूनही यायचा, पण तिकडे कुणी फिरकलं नाही. नागुबाईचं घर बौद्धाचं, म्हणून सगळ्यांची नाकं एकदम तिखट झाली. गौरम्माला हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि तरी ती गेली.

नागुबाईचा नवरा ग्यानोबा गवंडी होता, अर्ध्या उदगीरच्या भिंती त्याच्या हातच्या. तो भांडला नाही. एका दुपारी त्याने स्वतःच माल कालवला, विटा लावल्या आणि आपल्याच घरची खिडकी आपल्याच हाताने बुजवली. दोन्ही अंगांनी गिलावा केला. गौरम्माने त्याला कागदी कपात चहा दिला आणि वर म्हणाली, "फिनिशिंग लई झकास केलंस रे!" ग्यानोबा नुसता हसला. दोन वर्षांखाली तो वारला.

ते 'फिनिशिंग' आज गौरम्माच्या कानात वाजत होतं. पण पोरीपुढे इलाज नव्हता. घरातलं स्वैपाकाचं भांडं न्यायचं मन होईना, म्हणून तिने परसातली झाडांना पाणी घालायची चेपलेली जर्मलची पातेली उचलली, पदराखाली घेतली आणि निघाली.

नागुबाई दारात बसून तांदूळ निवडत होती.

"नागुबाई, जरा काम होतं... तुमच्याकडे."

तोंडातून 'तुमच्याकडे' निघालं तशी गौरम्माच दचकली. उभ्या जन्मात तिने नागुबाईला 'तू' सोडून काही म्हटलं नव्हतं. नागुबाईने ताटातून मान वर केली नाही.

"बोला."

गौरम्माने अडखळत सगळं सांगितलं. अक्षराचं नाव निघालं तशी नागुबाई ताट बाजूला सारून उठली. "चार दिस पोरगी उपाशी हाय अन् तुम्ही मुहूर्त बघून राहिल्या का?" तिने तिथूनच लेकाला फोन लावला. "विनोद, एक कोंबडी आण. गावरान. आत्ताच्या आत्ता."

मग ती आत गेली आणि भर दुपारी तिने बल्ब लावला.

गौरम्मा उंबऱ्यात थबकली. स्वैपाकघर कोठीसारखं अंधारं होतं. वाफेने छत काळवंडलं होतं, आणि जिथं खिडकी असायची तिथं गुळगुळीत भिंत. तिला वाटलं, मागच्या मागं पळून जावं.

"उभ्या का? बसा. बसल्या बसल्या लसूण सोला."

ती मुकाट्याने बसली आणि सोलायला लागली. विनोद कोंबडी देऊन गेला. नागुबाईने तुकडे दोन पाण्यांनी धुतले, हळद-मीठ चोळलं. आलं-लसूण ठेचून चमचाभर तेलात परतलं, तुकडे टाकले आणि वरून भरपूर पाणी ओतलं. उकळी आली तसा वरचा फेस पळीने काढून टाकला आणि गॅस बारीक केला. कोथिंबिरीचे देठही आत सोडले.

"तेवढ्यानं काय व्हतंय? अजून चार पाकळ्या सोला," ती म्हणाली. "अक्षराला लसूण लई लागतोय. मिरं कमी."

गौरम्माचा हात थांबला. "इथं जेवती ती?"

"आमच्या नातीच्या, धम्मप्रियाच्या वर्गात हाय ना. येतेत दोघी कालेजातून. तुम्हाला सांगू नको म्हणली होती. आज्जीला वाईट वाटंल म्हणली."

आज्जीला वाईट वाटंल! ज्या अंधारात आज्जीने ह्या बाईला ढकललं, त्याच अंधारात बसून नात जेवत होती, आणि वर आज्जीचंच मन सांभाळत होती. गौरम्माच्या डोळ्यांत पाणी आलं. नागुबाईने बघितलं आणि म्हणाली, "वाफ कोंडतीय इथं. व्हायचंच."

दोन तासांनी आळणी झालं. गौरम्माने पदराखालची जर्मलची पातेली पुढे केली.

"ह्यात?" नागुबाईचा आवाज पहिल्यांदा चढला. "ह्यात मी कुत्र्याला बी घालणार न्हाई. आजारी लेकरू हाय ते!" तिने फळीवरून स्टीलची जाड पातेली काढली, पुसली आणि आळणी काठोकाठ भरून झाकण ठेवलं. पातेलीवर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं: ग्यानोबा.

गौरम्मा दोन फडकी धरून गल्लीत आली. नाव बाहेरच्या अंगाला होतं. तिने एक फडकं खाली सरकवलं, तरी नाव दिसतच राहिलं. मग तिने तळहात थेट त्यावर ठेवला. चटका बसला तरी हात काढला नाही.

शिवमूर्ती दुकानात गल्ल्यावर बसून होता. "काकू, काय घेऊन चाललात? वास लई भारी येऊन राहिलाय!"

नुसतं हसून पुढे गेली असती तरी निभलं असतं. पण तोंडाला काय झालं देव जाणे. "मुगाचं कढण. मीच केलंय. नागुबाईला चाखायला दिलं होतं, उरलेलं परत घेऊन चालले."

"लिंबू राहिलं तुमचं."

आवाज मागून आला. नागुबाई उभी होती, हातात लिंबू. कधीची उभी होती कुणास ठाऊक. तिने लिंबू झाकणावर ठेवलं आणि मागे फिरली.

गौरम्माला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या बाईने दोन तास शेगडीशी उभं राहून तिच्या नातीचं केलं, तिच्याच तोंडावर ती दानशूर झाली होती. घर दहा पावलांवर होतं, पण तेवढं चालताना तिला कुणाकडे बघवेना.

अक्षराने वाटीभर आळणी घेतलं, मग अजून अर्धी वाटी. पोटात टिकलं. पोरीच्या तोंडावर चार दिवसांनी रंग आला. गौरम्माने खरं तर हात जोडायला हवे होते, पण तळहात लाल झाला होता, आणि तो ती नातीपासून लपवत होती.

"ही तर ग्यानोबा आजोबांची पातेली," अक्षरा म्हणाली. "नागुबाई आजी ही कुणाला देत नाहीत."

रात्रभर गौरम्माचा डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पातेली आपल्याच मोरीत, आपल्याच हाताने घासली. भांडं रिकामं पाठवू नये म्हणून आत धपाटे आणि लोण्याचा गोळा ठेवला, आणि दुपारी नागुबाईकडे गेली. आत पाऊल टाकलं तेच बोलत.

"नागुबाई, ती खिडकी फोडून घ्या. मी माणूस लावते, उद्याच. माझं चुकलं. लई चुकलं."

नागुबाईने धपाटे ताटात काढून घेतले. सावकाश काढले. मग भिंतीकडे बघितलं.

"ते त्यांच्या हातचं काम हाय. काल पातेलीवरचं नाव झाकलं तुम्ही. आता भिंत बी पाडा म्हणता. मग त्या माणसाचं राहतंय काय, गौरम्मा?"

नऊ वर्षं गौरम्माने मनाशी धरून ठेवलं होतं, की कधी वाटलंच तर खिडकी काय, उघडता येईल. तेही आता हातात राहिलं नव्हतं. ती बल्बखाली खाली मान घालून उभी राहिली. नागुबाईने गॅसवरचं आळणी त्याच पातेलीत ओतलं.

"आज थोडं दाट केलंय. पोरीला ताकद येईल."

गौरम्मा गल्लीत आली. झाकण तिने आतच ठेवलं होतं. दोन्ही फडक्यांनी फक्त काठ धरले होते, नाव बाहेर. आणि बघते तर गल्लीत चिटपाखरू नाही! दारं लोटलेली, शिवमूर्ती पोत्यांना टेकून घोरत होता.

कुणी बघितलंच नाही. सरळ घरी जाता आलं असतं. ती चार पावलं गेलीसुद्धा. मग परत आली आणि दुकानासमोर उन्हात उभी राहिली.

"शिवमूर्ती! अरे ए शिवमूर्ती!"

तो धडपडून उठला. "काय झालं, काकू?"

"काल तू विचारलंस ना, काय आहे म्हणून. कोंबडीचं आळणी. नागुबाईनं केलेलं. पातेली ग्यानोबाची. काल मी खोटं बोलले."

शिवमूर्तीने पातेलीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि डोळे चोळले. "ठाऊक होतं, काकू. काल तुमच्या बोटांमधून नाव दिसलं मला."

"मग बोलला का न्हाईस?"

"काय बोलू?" त्याने मान खाली घातली. "खिडकीच्या वक्ताला चार माणसांत मी बी होतो की."

दोघंही तसेच राहिले, ती उन्हात आणि तो सावलीत. मागून, आपल्या दारातून नागुबाईचा आवाज आला, कालच्यासारखाच, ना चढलेला ना उतरलेला.

"उन्हात काय उभ्या राहून राहिल्या? पोरगी वाट बघत असंल. निवून जाईल ते."

गौरम्मा मागे वळली नाही. वळायचं धाडस नव्हतं. "हाव," एवढंच ती कशीबशी म्हणाली, आणि पातेली सांडू नये म्हणून एकेक पाऊल जपून टाकत घराकडे निघाली.