तबकातलं पाणी

पत्रात अवघ्या पाच ओळी होत्या. शेवटच्या तीन अशा : ‘प्रत्येक ठोकळ्यानंतर मी तबकातलं पाणी बदललं होतं. यावर तुमचा विश्वास आहे की नाही, तेवढंच कळवा. बाकी काही लिहिलं नाहीत तरी चालेल.’ उत्तर एका शब्दाचं होतं. तो एक शब्द लिहायला भिंगवाल्यांना एकतीस वर्षं पुरली नव्हती.

भिंगवाले तेव्हा माशांच्या प्रयोगशाळेत होते. नदीतून आणलेल्या माशांची पोटं उघडायची, आतला अवयव मेणात बसवून त्याचा ठोकळा करायचा, ठोकळ्याचे केसाहून पातळ काप काढायचे, काचपट्टीवर रंगवायचे आणि भिंगाखाली बघायचे, असं तिथलं काम. बघणारे हे, म्हणून भिंगवाले. कापणारी ती, म्हणून पाती. ही नावं तिथल्या शिपायाने ठेवलेली; पण अशी चिकटली, की पगाराच्या कागदावरची खरी नावंच परकी वाटावीत.

पातीचा हात म्हणजे हात होता. यंत्राचं चाक फिरवलं की कापांची एक लांब फीत सरकत बाहेर येई. ती फीत ती ओल्या कुंचल्याने उचले आणि कोमट पाण्याच्या तबकात तरंगत सोडे. सुरकुत्या गेल्या, की खालून काचपट्टी घालून अलगद वर घेई. एवढा वेळ ती श्वास धरून असे, कारण जराशा फुंकरीनेही फीत उडून जाते. काचपट्ट्या न्यायला दारात आलेले भिंगवालेही मग श्वास धरून उभे राहत. फीत पाण्याला टेकली, की दोघांचा श्वास एकदमच सुटे. कुणाबरोबर मिळून काही केल्याची भिंगवाल्यांना एवढीच आठवण होती.

“तुम्ही कशाला धरता श्वास?” तिने एकदा विचारलं होतं.

“वारा लागेल म्हणून.”

“तिथून? बारा फुटांवरून? एवढी हवा तुमच्यात असती, तर साहेबांपुढे तोंडातून शब्द फुटला असता की!”

ती हसली. भिंगवालेही हसले, पण टेबलाशी परत आल्यावर.

त्या वर्षी गिरणीच्या सांडपाण्याच्या नाल्याखालचे मासेमार तक्रार घेऊन आले. मोठे मासे जाळ्यात येतात, पिल्लं येत नाहीत. माशांचे कल्ले सुजलेले होते, यकृतं फुगलेली होती, माद्यांच्या पोटातली अंडी पिकायच्या आधीच विरून जात होती. इथवर ठीक होतं. मग नरांची पाळी आली, आणि चाळीसपैकी अकरा नरांच्या वृषणात भिंगवाल्यांना अंडी दिसली. गोल, टपोरी, मध्ये मोठं केंद्रक असलेली, पाठ्यपुस्तकातल्यासारखी अंडी.

“नराच्या पोटात अंडी?” साहेब म्हणाले. “लोक हसतील आपल्याला. तबकातलं पाणी बदललं होतं का?”

प्रश्न गैर नव्हता. पाणी बदललं नाही, तर आधीच्या ठोकळ्याचा एखादा कण तरंगत राहतो आणि पुढच्या कापावर जाऊन बसतो. या कामातली ती जुनी चूक. भिंगवाल्यांनी आपल्या सुंदर अक्षरात नोंदवहीत लिहिलं : ‘तबकातील पाणी बहुधा बदलले नसावे.’ सोमवारी स्वतःच पुन्हा काप काढून बघायचं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. शनिवारीच साहेबांनी पातीला बाटल्या धुण्याच्या कामावर टाकलं. आठवडाभर तिने बाटल्या धुतल्या, मग नोकरी सोडली आणि दुसऱ्या गावी भावाकडे निघून गेली. महिन्याने तिचं पत्र आलं.

‘हो’ लिहावं, तर वहीतली नोंद खोटी ठरत होती आणि साहेबांपुढे उभं राहावं लागत होतं. ‘नाही’ लिहावं, तर ती कायमची जात होती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. भिंगवाल्यांनी धरलंही नाही आणि सोडलंही नाही. पाकीट गादीखाली ठेवलं आणि त्यावर झोपत राहिले.

निवृत्तीला बारा वर्षं झाल्यावर एके सकाळी प्रयोगशाळेतून फोन आला. बोलत होत्या तिथल्या हल्लीच्या प्रमुख बाई.

“सर, काचपट्ट्यांच्या दोन पेट्या सापडल्यात, वर तुमचं अक्षर आहे. नव्या इमारतीत जागा नाही. नेताय, की टाकून देऊ?”

“टा...” भिंगवाले म्हणाले, आणि थांबले. “येतो.”

बाई चाळिशीच्या होत्या, बोलण्याचालण्यात चटपटीत. पेटी उघडून त्यांनी सहज एक काचपट्टी भिंगाखाली सरकवली. मग दुसरी घेतली. मग तिसरी.

“काय काप आहेत हो! कुणी काढलेत?”

“एक होत्या... आमच्याकडे.”

“आणि नरांमधली अंडी! आमच्याकडे ढिगाने आहेत, पण सगळी अलीकडची. त्या काळातली कुणाकडेच नाहीत. तुम्ही हे छापलं का नाहीत?”

भिंगवाल्यांनी चष्मा काढून पुसला. “ती चिकटलेली असतील. तबकातलं पाणी...”

“चिकटलेलं वर बसतं, सर. भिंग जरा खालीवर केलं की कळतं. हे आतलं आहे, चहूबाजूंनी वेढलेलं.” बाई ओशाळल्या. “तुम्हाला काय सांगायचं ते!”

“ठोकळे आहेत पेटीत. एक काप काढाल? तबकात नवं पाणी घेऊन?”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि बाह्या सरसावल्या. मेण इतक्या वर्षांनी ठिसूळ झालं होतं. पहिल्या दोन फिती तुटल्या. तिसरी पाण्यावर उतरेपर्यंत भिंगवाले दाराशी उभे होते, आणि छाती दुखायला लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण श्वास घेतलेला नाही. रंग बसून वाळेपर्यंत तासभर गेला. बाईंनी त्यांना खुर्ची दिली. त्यांनी डोळा भिंगाला लावला. गुलाबी जाळीच्या ऐन मध्यात जांभळी अंडी होती. पाणी स्वच्छ होतं, पाती त्या खोलीत नव्हती, आणि अंडी जिथल्या तिथे होती.

“फिटली शंका?” बाईंनी विचारलं.

“शंका नव्हती,” भिंगवाले म्हणाले. “तेव्हाही नव्हती. भिंग मी खालीवर करून बघितलं होतं.”

हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बाईंना त्यातलं काय कळलं कोण जाणे; त्यांनी नुसती मान हलवली आणि विचारलं, “मग या पेट्या ठेवून घेते. काप कुणाच्या नावावर लिहू?”

भिंगवाल्यांनी पातीचं खरं नाव सांगितलं. बाईंना ऐकू गेलं नाही, म्हणून त्यांना ते दुसऱ्यांदा आणि मोठ्याने सांगावं लागलं. जुनी नोंदवही पेटीतच होती. आपल्या त्या ओळीखाली त्यांनी लिहिलं, ‘वरील नोंद खोटी आहे. पाणी बदलले होते,’ आणि तारीख घालून सही केली. अक्षर पूर्वीसारखं सुंदर नव्हतं, पण वाचता येत होतं.

घरी त्यांची मोठी बहीण होती. नवरा गेल्यापासून ती त्यांच्याकडेच राहत असे. भिंगवाले कागद घेऊन बसलेले दिसताच ती समोरची खुर्ची ओढून बसली.

“पातीला लिहितोयस ना?”

“ताई, तुला कसं...”

“अरे, एकतीस वर्षं तुझ्या गादीला मी ऊन दाखवते. खालचं पाकीट मला दिसणार नाही?”

“वाचलंस?”

“छे! पाकिटावरचं अक्षर वाचलं आणि तुझं तोंड वाचलं. आत काय असणार!”

“तसलं काही नाही त्यात.”

“मग तुझ्यात असेल. वाच बघू, काय लिहिलंस ते.”

तीन पानं झाली होती. गिरणी, साहेब, मेणाचे प्रकार, आपली तेव्हाची तब्येत, आईचं आजारपण. ताईने दीड पान ऐकलं आणि हात वर केला.

“तिने काय विचारलं होतं?”

“विश्वास आहे की नाही.”

“आणि तू पोथी धाडतोयस! उत्तर कुठल्या पानावर आहे?”

भिंगवाल्यांनी पानं चाळली. उत्तर तिसऱ्या पानाच्या तळाशी होतं, आणि तेही कंसात.

“ती आहे की नाही, तेही ठाऊक नाही,” ते म्हणाले. “असली तर नातवंडं असतील. कशाला जुनं उकरायचं? बाटल्या धुताना तिची बोटं सोलवटलेली मी पाहिली होती, ताई. मी त्या खोलीवरून जात होतो. रोज जात होतो.”

ताईने ती तीन पानं बाजूला सरकवली. मग तिने विचारलं, “तुला काय हवंय तिच्याकडून? खरं सांग.”

“तिने मला एकदा हसावं,” भिंगवाले म्हणाले. “पूर्वी हसायची तसं.”

“मग तिला हसण्याजोगं काही कळव. भिऊन लिहिलेलं वाचून कुणाला हसू येतं का?” ताई उठली. “मी चहा ठेवते. चहा होईस्तोवर लिही. एक पान.”

त्यांनी लिहिलं :

‘हो. पाणी तुम्ही बदललं होतं. माझा विश्वास होता. नोंद लिहिली त्या क्षणीही होता. भित्रा मी होतो आणि शिक्षा तुम्ही भोगलीत. आज तुमच्याच ठोकळ्याचा नवा काप काढवून घेतला. मासे खरंच तसे होते. नोंदवही दुरुस्त केली आहे आणि काप तुमच्या नावावर लागले आहेत. नवीन बाई विचारत होत्या, हा हात कुणाचा. तुम्ही गेल्यानंतर त्या दारात मी उभा राहायचो. आत कुणी कापत नसे, तरी श्वास धरायचो. माझ्यात हवा किती कमी आहे, ते तुम्हाला ठाऊकच आहे.’

शेवटचं वाक्य खोडावं असं त्यांच्या फार मनात आलं. पण चहा आला, आणि ताईने पाकीट पुढे केलं.

पत्ता जुन्या पाकिटावरचा, तिच्या भावाचा. घर बदललं असेल, भाऊ नसेल, ती नसेल. टपालाच्या रांगेत उभं राहून भिंगवाल्यांनी हे सगळं एकेक करून घडवून पाहिलं. दोनदा त्यांनी मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं. तिसऱ्यांदा मागे कुणी उरलं नाही.

“साधं की रजिस्टर?” खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

“पोचणारं.”

“आजोबा, सगळीच पोचतात,” कारकून हसला. “पोचपावती हवी का? घेणाऱ्याची सही होऊन तुमच्याकडे परत येते.”

तिची सही. किंवा कुणाचीच नाही. भिंगवाले खिडकीची कड धरून उभे राहिले.

“हवी,” ते म्हणाले.

कारकुनाने एक कार्ड सरकवलं. त्यावर त्यांनी आपलं नाव आणि पत्ता लिहिला, पिन कोडसकट, आणि एकदा तपासला. कारकुनाने ते पाकिटाला चिकटवलं, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.